कोलॅप्सिबल (म्हणजे भिजली की अचानक बसणाऱ्या) मातीत सेटलमेंट, म्हणजे जमिनीचं बसणं, किती होईल ते आधी काढता येतं का?

कोलॅप्स पोटेन्शियल (भिजल्यावर सॅम्पलची जाडी किती टक्के कमी होते ते) ६ टक्के, थर ४ मीटर, मग सरळ २४ सेंटीमीटर धरू का असं तुम्ही विचारलंय. गुणाकार बरोबर आहे पण ते ६ टक्के कुठल्या लोडला आलेत ते आधी बघा. लॅबवाले बहुतेक वेळा इडोमीटरमध्ये (माती दाबून ती किती बसते ते मोजणारं लॅबचं यंत्र) सॅम्पल २०० किलोपास्कलपर्यंत नेतात आणि मग पाणी सोडतात, आणि तुमच्या थरात खाली तेवढं प्रेशर येतच नसेल. समजा दीड मीटरचं चौरस फूटिंग (खांबाखालचा पायाचा ठोकळा), जमिनीखाली १ मीटरवर, लोड १५० किलोपास्कल. फूटिंगच्या ३ मीटर खाली लोड पसरत पसरत जेमतेम १७ उरतो, वरच्या मातीचं वजन साधारण ६०, म्हणजे सगळं मिळून ८० च्या आतच. तिथे ६ टक्के लावणं म्हणजे उगाच घाबरणं. म्हणून डबल इडोमीटर टेस्ट करून घ्या, एक सॅम्पल आहे त्या ओलाव्यावर, दुसरं सुरुवातीपासून भिजवलेलं, दोघांच्या प्रेशर वाढेल तसं दबण्याच्या कर्व्हमधलं अंतर प्रत्येक थराच्या प्रेशरला वाचायचं, जाडीने गुणायचं आणि बेरीज.

पण खरी गोम पाण्यात आहे. ही माती कोरडी असताना सक्शनवर (थोड्याशा ओलाव्यामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात त्यावर) आणि कणांमधल्या चिकणमाती-चुन्याच्या जोडावर उभी असते, पाणी शिरलं की जोड सुटतात आणि लोड तेवढाच असूनही माती पटकन बसते. त्यामुळे नेहमीचा कन्सॉलिडेशनचा (भिजलेली चिकणमाती लोडखाली सावकाश दबण्याचा) फॉर्म्युला इथे लावू नका, तिथे पाणी हळूहळू बाहेर जातं, इथे उलटा कारभार. लॅबमध्ये सॅम्पल पूर्ण भिजतं, साइटवर पाइप लीक झाला तर कदाचित वरचे २ मीटरच, तेही अर्धवट. म्हणून एकच आकडा काढू नका, पूर्ण थर भिजला तर, फक्त वरचा भाग भिजला तर, आणि एकाच कोपऱ्याखाली भिजला तर, असे तिन्ही हिशोब करा. मला तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो कारण भिंतींना तडे एकूण सेटलमेंटपेक्षा दोन फूटिंगमधल्या फरकानेच जास्त जातात.

अजून एक, सॅम्पल ट्यूब ठोकून काढलं असेल तर ते आधीच दबलेलं असू शकतं आणि कोलॅप्स कमी दिसतो, खड्डा खणून कापलेलं ब्लॉक सॅम्पल त्यापेक्षा बरं. जमत असेल तर साइटवर प्लेट लोड टेस्ट (जमिनीवर प्लेट ठेवून लोड देऊन ती किती बसते ते बघणं) करताना लोड तसाच ठेवून पाणी सोडून बघा. आणि हो, रिपोर्टमध्ये ४ मीटरसाठी एकच सॅम्पल असेल तर अजून दोन-तीन खोलींवरची मागा, मगच डिझाइनला बसा.