साखरेतले ‘अणू’ पंचेचाळीस पट कसे झाले?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नववीत, मराठी माध्यमात. अप्पा बळवंत चौकातून सरावासाठी एक जुनं गाइड आणलं, ते निघालं हिंदी. त्यात ३४.२ ग्रॅम साखरेतल्या ‘अणुओं की संख्या’ दिली आहे ६.०२२ × १०²². मुलीनं वर्गात शिकवल्याप्रमाणे अणू मोजले तर उत्तर आलं २.७१ × १०²⁴. चूक छपाईची की मुलीची?

दोघांचीही नाही. चकवलंय ते ‘अणू’ या शब्दानं.

गणित एकदा करून बघू. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू मिळून साखरेचा एक रेणू होतो. रेणुवस्तुमान ३४२, म्हणून ३४२ ग्रॅम साखर हा एक मोल; एका मोलात ६.०२२ × १०²³ रेणू. म्हणजे ३४.२ ग्रॅम (चहाचे आठेक छोटे चमचे, अमृततुल्यवाल्याला विचारू नका) झाले ०.१ मोल. त्याला ६.०२२ × १०²³ नं गुणलं की ६.०२२ × १०²² मिळतात, पण ते रेणू. दर रेणूत १२ + २२ + ११ = ४५ अणू, म्हणून अणू हवे असतील तर आणखी ४५ नं गुणायचं. मुलीनं तेच केलं.

हिंदीत मात्र आपल्या अणूला ‘परमाणु’ म्हणतात आणि आपल्या रेणूला ‘अणु’. म्हणूनच आपली अणुऊर्जा तिकडे परमाणु ऊर्जा होते. गाइडानं विचारले होते रेणू, तुम्ही वाचलेत अणू.

संस्कृतचा कौल बघितला तर हिंदीची बाजू जड आहे, हे कबूल करायला हवं. वैशेषिक या प्राचीन दर्शनातला, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा कण म्हणजे परमाणू; दोन परमाणूंचं द्व्यणुक. आणि ‘रेणू’ म्हणजे चक्क धूळ. दुपारी खिडकीच्या फटीतून कवडसा पडतो, त्या तिरिपेत जे कण तरंगताना दिसतात त्यांना त्रसरेणू म्हणत. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या एका कणात आजच्या अर्थानं किती रेणू असतील, याचा हिशोब न केलेलाच बरा. तरी मला आपली जोडीच आवडते. ‘अणुरेणूत’ हा शब्द कीर्तनामुळे आधीच कानात बसलेला, शिवाय ‘अणु-परमाणु’पेक्षा अणू-रेणू ऐकताना गोंधळ कमी.

लिहिताना एक सांभाळा: सुटा शब्द अणू, रेणू असा दीर्घ; समासात अणुवस्तुमान, रेणुसूत्र असा ऱ्हस्व. अनेकवचनी ‘अणूंची’, ‘अणुंची’ नव्हे.

मुलीनं जाता जाता विचारलंय, ‘मोल’ म्हणजे आपलं किंमतवालंच ना? नाही. ते मोल मूल्यापासून आलं. मोलमजुरी, कवडीमोल त्याच घरातले. रसायनातला मोल आला जर्मनमधून, रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डकडून, रेणूच्या तिथल्या शब्दाचं (Molekül) डोकं तेवढं ठेवून. व्याकरणातही दोघे वेगळे: किंमतीचं ‘ते मोल’, रसायनातला मी ‘तो मोल’ म्हणतो. ‘पाण्याचे दोन मोल’ सगळेच म्हणतात, ‘पाण्याची दोन मोलं’ मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.