विंडोज पुन्हा टाकूनही पीसी दिवसातून दोन-तीनदा निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतो. काय तपासू?

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, बाकीचं नंतर.

विंडोज नव्याने टाकूनही त्रास तसाच आहे, म्हणजे संशय हार्डवेअरवर जातो. माझा पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करून दोन दिवस वापरून पाहा. रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवल्यामुळेही असं होतं. तरीही बंद पडला तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एक जरी एरर आली तरी ती दुर्लक्षित करू नका. मग पीसी बंद करून, वायर काढून, एकच रॅमची पट्टी ठेवून तपासा, नंतर दुसरी. माझ्या पीसीत दोष पट्टीत नव्हताच. स्लॉटमध्ये धूळ बसली होती आणि पट्टीचं एका बाजूचं क्लिप नीट लागलं नव्हतं. त्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या टूलमध्ये) 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलतात. घाई करू नका. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण शोधायचं तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपच्या फाइल्स (निळा स्क्रीन आला की विंडोज जपून ठेवतं ती माहिती) ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्राममध्ये उघडा. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असेल तर तो बदला. दर वेळी वेगळं येत असेल तर पुन्हा रॅमकडेच या.

गेम खेळतानाच बंद पडत असेल तर मात्र आधी तापमान आणि पॉवर सप्लाय बघा.