एडलवाइसचं रोप बुडातून काळं पडतंय, वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की म्युनिकमध्ये जूनला भेट मिळालेलं एडलवाइस, म्हणजे ते पांढऱ्या लवदार फुलांचं डोंगरी रोप, उत्तरेकडच्या बाल्कनीत आहे, रोज पाणी घालताय, खतही देताय, आणि तरी बुडाची पानं काळी पडतायत, नवी पानं हिरवी आणि लांबुडकी येतायत. मी ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला नऊ वर्षं हेच रोप लावतेय. पहिली दोन रोपं माझ्याही हातून अशीच गेली, म्हणून आधी एवढंच सांगते: आजपासून रोजचं पाणी बंद, खत बंद.

हे झाड आल्प्समध्ये साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, बहुतेक चुनखडीच्या खडकात वाढतं. तिथे मुळांशी माती मूठभर, पडलेलं पाणी लगेच वाहून जाणारं, आणि दिवसभर ऊन-वारा. ज्यांना आपण पांढऱ्या पाकळ्या म्हणतो ती खरं तर लव असलेली पानं. खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळसर गोंडे. आपल्या शेवंती-झेंडूच्याच कुळातलं आहे हे. ते पांढरं पान बोटांत धरून बघा, नव्या घोंगडीसारखं लागतं. ही लव पानातली ओल टिकवते, डोंगरावरच्या कडक उन्हापासून वाचवते. सावली आणि सकस माती मिळाली की ती विरळ होते. तुमची पानं हिरवी दिसतायत ती त्यामुळेच.

आता रोप कुंडीतून काढा आणि मुळं बघा. पांढरट, घट्ट मुळं शिल्लक असली तर आशा आहे. तपकिरी, बुळबुळीत झालेली मुळं आणि काळी पानं स्वच्छ कात्रीने कापून टाका. कुंडी भाजक्या मातीची, खाली भोक असलेली घ्या. एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग बारीक खडी. खडी चुनखडीची मिळाली तर फारच छान. रोप लावल्यावर बुडाभोवती बोटभर खडी पसरा, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. मग कुंडी दक्षिणेच्या उन्हात. दक्षिणेची बाल्कनी नसेल तर निदान जिथे अर्धा दिवस ऊन येतं अशी खिडकीबाहेरची जागा शोधा. दोन पेरं बोट खुपसून आत कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी, लवेवर नाही.

हिवाळ्यात काळजीपोटी घरात आणू नका. थंडी, बर्फ याला सवयीचं आहे; साचलेली ओल मारते. भिंतीलगत, वर छप्पर असेल तिथे, कुंडीखाली विटेचे तुकडे देऊन ठेवा. पानं पार वाळतील. फेकू नका! मार्च-एप्रिलमध्ये त्याच बुडातून राखाडी कोंब येतात. झाड फार वर्षं टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वसंतात फुटवे सोडवून वेगळे लावायचे.

डोंगरावरून मात्र एकही रोप उपटू नका, ते कायद्याने संरक्षित आहे.

नाशिकला आईंना बिया पाठवू का, असंही विचारलंय. नका पाठवू. तिथले उन्हाळे आणि पावसाळ्याची दमट हवा, दोन्ही त्याला सोसणार नाहीत. त्यापेक्षा तुमच्या कुंडीत येईल ते पहिलं फूल वहीत दाबून वाळवा. वाळल्यावरही लव तशीच राहते. मी माझ्या आईला तेच पाठवलं होतं, अजून तिच्या कपाटात आहे.

मुळं कशी निघाली ते कळवा.