तुमचे प्रश्न : पावसाळ्यातला मोगरा आणि कुंडीतल्या गोगलगायी

प्रश्न : ताई, आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्र चालत पाच मिनिटांवर. मोगऱ्याची मोठी कुंडी आहे, मे महिन्यात रोज ओंजळभर फुलं निघायची. माती दगडासारखी झाली होती म्हणून पावसाच्या आधी बदलली, निचरा व्हावा म्हणून लाल मातीत पुळणीवरची वाळू घातली. आता खालची पानं पिवळी पडून गळतायत, वरच्या पानांच्या कडा करपल्यात. खत घातलं, फरक नाही. कुंडी पडवीच्या कडेला आहे, पागोळ्यांचं पाणी मिळतं. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून खाली ताटली ठेवलीय.

उत्तर : आधी खत थांबवा. मुळं जेवतच नाहीयेत, मग वाढून काय उपयोग?

पिवळी पानं आणि करपलेल्या कडा हे दोन वेगळे त्रास आहेत, तुमच्याकडे दोन्ही एकदम आलेत. पिवळं पडतंय ते मुळांना हवा मिळत नाही म्हणून आणि कडा करपतायत त्या बहुतेक वाळूतल्या मिठाने. खरं तर एवढ्या पावसात मीठ धुवून निघून जायला हवं होतं, पण खाली ताटली आहे ना, धुतलेलं खारं पाणी तिथेच साठतं आणि माती ते परत वर ओढते. म्हणून ताटली आजच काढा आणि कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, पागोळ्यांपासून हातभर आत.

मग उघडीप बघून कुंडी आडवी करा, कडेने थापटा आणि झाड मातीसकट अलगद बाहेर काढा. जिवंत मूळ पांढरट असतं, चिमटीत घट्ट लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, ओढलं की वरची साल सुटून बोटांत येते आणि आत नुसता दोरा राहतो, वासही गटारासारखा येतो. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, बाकीची विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा आणि मुळं कमी झाली म्हणून वरचाही एक तृतीयांश भाग छाटून टाका, जीवावर येतं पण कराच.

नवीन मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची जाड रेती. भोकावर कौलाचा तुकडा उपडा ठेवा. आपल्याकडे तळाशी नारळाची सोडणं घालायची सवय आहे, उन्हाळ्यात ती ओल धरतात ते छानच, पण पावसाळ्यात नको. दहा-बारा दिवस उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आणि नवीन कोंब दिसल्यावरच खत. वाऱ्याने खारं पाणी उडतं तेव्हा पानंही गोड्या पाण्याने धुवत जा. हे झाड जगलं तर डिसेंबरात पाणी कमी करा, जानेवारीत छाटा, मग शेणखत आणि भरपूर ऊन. कळ्या येतील.

प्रश्न : झेंडूची रोपं रात्रीत गोगलगायी खातात. मीठ टाकू का? (गुहागर)

उत्तर : कुंडीत मीठ अजिबात नको, वर मोगऱ्याचं काय झालं ते वाचलंत ना. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांशेजारी टाका, सकाळी उलटलं की खाली गोळा झालेल्या सापडतात. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधूनच उचला, मोठ्या आफ्रिकन गोगलगायींमधून माणसाला परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मातीत साबुदाण्यासारखे पुंजके दिसले तर ती अंडी, तीही काढा. झेंडूची रोपं वीतभर होईपर्यंत उंच कट्ट्यावर ठेवा.