'द इन्व्हिजिबल्स' पहिल्यांदा वाचायला घेताय?

पहिल्याच अंकात सगळं समजलं पाहिजे असा हट्ट धरू नका. ग्रँट मॉरिसनची ही कॉमिक्स मालिका १९९४ ते २००० या काळात तीन खंडांत आली, एकूण ५९ अंक. सुरुवातीला लिव्हरपूलच्या डेन या किशोरवयीन मुलाचं बोट धरून चाला. 'इन्व्हिजिबल्स' म्हणवणाऱ्या गुप्त बंडखोरांबद्दल त्यालाही काही ठाऊक नसतं. बेघर टॉम त्याला लंडनमध्ये घडवतो, ती पानं अगदी सावकाश वाचा.

पुढचं फ्रेंच राज्यक्रांतीचं प्रकरण जड आहे. तिथे कंटाळा आला तरी नेटानं पहिल्या खंडाच्या बाराव्या अंकापर्यंत याच. पहिल्या अंकात बंडखोरांचा म्होरक्या किंग मॉब ज्या पहारेकऱ्याला गोळी घालून पुढे निघून जातो, त्याचं अख्खं आयुष्य इथे पुढेमागे उलगडतं: बालपण, लष्कर, संसार. तोवर आपण बंडखोरांच्या बाजूनं टाळ्या वाजवत असतो, आणि हा अंक त्याचा जाब विचारतो. माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम अंक हाच.

चित्रकार वरचेवर बदलतात, त्याची सवय होते. तिसऱ्या खंडाचे अंक १२ पासून १ पर्यंत उलटे मोजलेत, ते मुद्दामच. हिंसा बरीच आहे, तेव्हा घरातल्या लहान मुलांपासून दूर ठेवा.