छीगोंग (श्वास, हालचाल आणि लक्ष यांचा चिनी सराव) करताना ऊर्जा डोक्यात चढते, खाली उतरत नाही. काय करावं?

चढवणं सोडा, आधी उतरवायला शिका. चीनच्या ताओ परंपरेतल्या लघुपरिक्रमेत, म्हणजे ऊर्जा शरीरात गोल फिरवण्याच्या सरावात, छी (हीच ऊर्जा) पाठीच्या कण्यातून, दू नाडीने वर जाते आणि रेन नाडीने छाती-पोटावरून खाली येते. नवखे चढावरच जोर लावतात. मग कपाळ जड, कान गरम, झोप गायब. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकवा. दोन्ही नाड्यांचा सांधा तिथेच मानतात. श्वास सोडताना लक्ष नाभीखाली, दानत्येन या ऊर्जाकेंद्रावर. साठलेली लाळ थुंकू नका, सावकाश गिळा (जुने साधक याला फार मानतात). तरीही डोकं जड राहिलं तर परिक्रमा सरळ बंद करा, गुडघे किंचित वाकवून नुसते उभे राहा आणि लक्ष तळपायाच्या योंगछुआन बिंदूवर ठेवा. ऊर्जा वर चढवण्यावर भर देणाऱ्या कुंडलिनीवाल्यांना हे मिळमिळीत वाटेल. झोप उडालेलीच राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.