पगार विचारण्याआधी सीटवर बसून पाहा

वणी तालुक्यातून एका आईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलगा २१ वर्षांचा आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाला. कोळसा खाणीत माती काढायचं काम घेतलेल्या एका खाजगी कंपनीत डम्परवर लागतो म्हणतो. महिना २४ हजार सांगितले. त्याचे बाबा १८ वर्षं ट्रकवर होते. आता कंबर गेली, पायाला मुंग्या येतात, वावरात वाकता येत नाही. हा पण तसाच होईल काय जी? त्यापेक्षा पोलीस भरतीची तयारी करू द्यावी का?"

ताई, नमस्कार.

भरतीचं आधी उरकून टाकतो. पळायचं तर पळू द्या, वय आहे. पण भरतीच्या आशेवर पोराला दोन-तीन वर्षं घरी बसवू नका. डिझेल मेकॅनिक झालेल्या मुलाला इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं कळतं, आणि डम्परवर ते कामी येतं. तुमचा खरा प्रश्न कंबरेचा आहे.

ट्रक चालवून कंबर जाते असं आपण म्हणतो. जाते ती हादऱ्यांनी. बाबांच्या ट्रकची सीट आठवून पाहा. फळीवर रेक्झिन, आणि स्प्रिंग टोचायला लागली की वरून घरची गोधडी. अठरा वर्षं खड्ड्यांचा प्रत्येक दणका मणक्यानं झेलला. आता चांगल्या डम्परला आणि काही नव्या टिप्परला हवेवर झुलणारी सीट येते. गंमत अशी की ही सीट असूनही पोरांच्या कंबरा दुखतात, आणि कारण अगदी साधं असतं. या सीटला चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट करायची कळ असते. एकाच गाडीवर तीन पाळ्यांत तीन जण बसतात. आधीचा ९० किलोचा आणि तुमचा मुलगा ५५ किलोचा असेल, तर ती सीट त्याच्यासाठी दगडच. कळ फिरवायला एक मिनिट लागतं, पण पाळी बदलायच्या घाईत ते कोणी देत नाही.

बाकीची बसणीही बसल्या बसल्या लावून घ्यायची. पाठ मागे पूर्ण टेकलेली हवी. क्लच शेवटपर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. आरसे सगळ्यात शेवटी, कारण सीट हलली की आरसा चुकतो. पायाशी पाण्याची बाटली मोकळी ठेवू नये, घरंगळत ब्रेकखाली जाते. तिच्यासाठी खाचा असतात, नसेल तर दोरीनं बांधावी. चप्पल घालून चालवायचं नाही, हे तर सांगायलाच नको. (सांगावंच लागतं. मी वीस वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं आहे.)

म्हणून माझं म्हणणं असं की पगार पक्का करण्याआधी त्यानं जी गाडी मिळणार त्या गाडीच्या सीटवर बसून यावं. सीट खालीवर होते का, पट्टा लागतो का, काचा पूर्ण बंद होतात का, एसी चालतो का. एसीला चैन समजू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि एसी नसला की पोरगा काच उघडतो. मग दिवसभर फुफाटा छातीत. मातीतल्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. कंत्राटदार माती काढायला बरेचदा रस्त्यावरचेच टिप्पर लावतात. त्यामुळे गाडी कोणत्या सालची, हे विचारायला त्यानं लाजू नये.

दुसरा प्रश्न याहून मोठा: पैसे पाळीवर की ट्रिपवर? महिना २४ हजार म्हणजे पाळीचे असतील तर बरं. '१८ हजार आणि वरचे ट्रिपप्रमाणे' असा हिशेब असेल तर तोच पोराला धोक्यात घालतो. ट्रिप वाढवायच्या म्हणून उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात, डिझेल वाचतं असं वाटतं म्हणून मालकही बघत नाही. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक भरल्या गाडीला धरत नाही. ट्रिपच्या नादात पाणीही पीत नाहीत, थांबावं लागू नये म्हणून. ऐन उन्हाळ्यात असं केलं की मुतखडा ठरलेला. कायद्यानं काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास. '१२ तासांची पाळी, पण आरामाची' असं कोणी म्हणालं तर आरामाची म्हणजे कशी, ते विचारावं. आणि गावातल्या कोणी रात्रीच्या रेतीच्या टिप्परवर जास्त पैसे दाखवले तर सरळ नाही म्हणा. तिथे सीटपासून कागदापर्यंत काहीच धड नसतं.

कागदांचं थोडक्यात. मालवाहू गाडी रस्त्यावर चालवायला वय २० पूर्ण लागतं. हलक्या गाडीचं लायसन्स हाती येऊन वर्ष झालं की मगच मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन्स निघतं. तुमच्या मुलानं लायसन्स कधी काढलं ते पत्रात नाही, तेवढं बघा. खाणीत कामाला लागण्याआधी १९६६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षण घ्यावं लागतं, आपल्याकडे सगळे त्याला व्हीटीसी म्हणतात. वैद्यकीय तपासणी होते. गाडी चालवायला खाण व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागते. 'आजच ये, व्हीटीसी नंतर करू' म्हणणाऱ्याकडे जाऊ देऊ नका. नेमणूक पत्र आणि पीएफ मागायचाच.

आता गाडीवरून उतरणं. हसाल तुम्ही, पण माझ्या एका विद्यार्थ्याला डम्पर चालवताना कधी काही झालं नाही. रात्रपाळी संपल्याच्या आनंदात वरच्या पायरीवरून उडी मारली आणि घोटा मोडला. चार महिने घरी. तासन्‌तास बसून पाय आखडलेले असतात, खाली दगड दिसत नाही. चढता-उतरता तोंड गाडीकडे, आणि दोन हात दोन पाय यांतले तीन कायम धरलेले, एकच हलवायचा. डबा आणि मोबाइल हातात नको, खांद्याच्या पिशवीत. उतरल्यावरही लगेच टायर किंवा जॅक उचलायला वाकू नये. बसून बसून मणक्याच्या गाद्या नाजूक झालेल्या असतात, पाच मिनिटं फिरावं. बाबांची कंबर नेमकी कधी धरली ते त्यांना विचारा. मला वाटतं गाडी चालवताना नाही, पंक्चर काढताना धरली असेल.

खाणीतलं बाकीचं त्याला तिथले जुने लोक शिकवतील, पण दोन गोष्टी आधीच कानावर घाला. धूळ बसवायला रस्त्यावर टँकरनं पाणी मारतात. पाणी मारल्याबरोबर चिकण मातीचा तो उतार साबणासारखा होतो, तेव्हा घाई नको. आणि माती टाकताना ढिगाऱ्याच्या कडेचा बांध हा चाक टेकवायचा ठोकळा नाही. पावसात ती कड आतून पोकळ झालेली असते. अलीकडेच रिकामं करावं, पुढे ढकलायला डोझर असतो. डम्परची बॉडी वर उचललेली असताना टेकू लावल्याशिवाय तिच्याखाली जायचं नाही, मालक ओरडला तरी.

रात्रपाळीचं मात्र तुमच्या हातात आहे. पहाटे ३ ते ५ या वेळात डोळा लागतोच, कितीही दणकट पोरगा असो. त्यावर आपल्याकडे एकच औषध, तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं झोप जात नाही, फक्त कळत नाही, आणि तोंडाचं काय होतं ते आपण गावोगावी पाहतोच. गाडी ठरल्या जागी लावून, हँडब्रेक ओढून, सुपरवायझरला सांगून १५-२० मिनिटं डोळे मिटलेले कधीही बरे. पण ही वेळ येते ती दिवसा झोप न झाल्यामुळे. तुमचं घर टिनाचं असेल तर एक खोली त्याच्यासाठी ठेवा, खिडकीला जाड पडदा, कूलर त्याच खोलीत. सकाळी आला की 'दोन तास फवारणीला चल' म्हणू नका, ना कोणाच्या तेरवीला पाठवा. डम्परवर झोपलेली बरीच पोरं आदल्या दुपारी घरच्यांनीच जागवलेली असतात, हे मी पाहिलं आहे.

बाबांच्या पायाच्या मुंग्यांना तेल चोळून वाट पाहू नका. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी निघा.

मुलगा गाडी बघून आला की सीटचं, ट्रिपचं आणि पाळीच्या तासांचं काय कळलं ते त्यालाच लिहायला सांगा. त्यावरून हो की नाही ते ठरवू. आणि मागच्या खिशात पाकीट ठेवायची सवय असेल तर ती आजपासूनच मोडा. त्या पाकिटावर आठ तास वाकडं बसून कंबर धरलेले दोन जण माझ्याकडे येऊन गेले आहेत.